वाजवून बघू का?

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा घ्यायला गेलेल्या माणसाला कुणी घाई करत नाही. तो तंबोरा मांडीवर घेतो, तारा छेडतो, कान लावून बसतो आणि जवारी, म्हणजे तारांची गुंज, जरा बंद वाटते म्हणतो. कारागीर घोडीवरचा दोरा सरकवतो, गरज पडली तर कानस फिरवतो आणि पुन्हा ऐकवतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामागे कारागिरांचं पिढीजात कसब आहे, आणि त्यांच्यासमोर बसून ऐकणाऱ्या, नाकारणाऱ्या, पुन्हा मागणाऱ्या गवयांचा कानही आहे. पुण्यातही तीच रीत. पेटी घेताना भाता हलवून बघायचा, एकेक सूर दाबून कुठे फुसफुसतो ते ऐकायचं. तबल्यावर थाप मारल्याशिवाय तो कुणी घेत नाही. भिंतीवर टांगलेली गिटार काढून दोन कॉर्ड वाजवणाऱ्या कॉलेजच्या पोरालाही कुणी हटकत नाही.

सॅक्सोफोनच्या वाट्याला मात्र हा पाहुणचार येत नाही.

माझ्या भाच्याला सॅक्सोफोन शिकायचा आहे. गेली दोन वर्षं तो शिकवणाऱ्या सरांच्या जुन्या वाद्यावर रियाज करतोय, आणि आता स्वतःचं घ्यायची वेळ आली. आम्ही दोघं लक्ष्मी रस्त्यापासून कॅम्पापर्यंत फिरलो. कुठे सॅक्सोफोन नव्हताच. कुठे एकच होता, काचेच्या कपाटात, सोनेरी लॅकर चकाकणारा. ‘वाजवून बघू का?’ या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी सारखंच उत्तर आलं: तोंडानं वाजवायचं वाद्य आहे, फुंकलं की ते जुनं झालं. घेणार हे नक्की असेल तर आगाऊ रक्कम भरा, मागवून देतो. काही ठिकाणी हाताळायला दिलं, पण रीड नव्हती, आणि रीडशिवाय सॅक्सोफोनमधून साधा सूरही निघत नाही.

दुकानदाराची बाजू मला पटते, आणि ती नीट सांगितली पाहिजे. गिटारी आणि कीबोर्ड रोज विकले जातात, सॅक्सोफोन कधीतरी. त्यात अडकलेले पैसे वर्षभर मोकळे होत नाहीत. प्रत्येक येणाऱ्यानं फुंकून बघितलं तर थुंकीचा ओलावा पॅडच्या चामड्यात मुरतो, लॅकरवर बोटांचे डाग पडतात. रीड एकदा तोंडात गेली की ती दुसऱ्याला देता येत नाही. कोविडनंतर तर लोकांना या गोष्टीची भीतीच बसली. शिवाय समोरचा माणूस खरोखर घेणारा आहे, की सिनेमातलं एखादं गाणं ऐकून हौसेनं आलेला, हे कपाट उघडण्याआधी कळणार कसं? हे सगळं खरं आहे. तरीही न फुंकता सॅक्सोफोन घेणं म्हणजे न ऐकता तंबोरा घेणं, आणि ते का, हे वाद्याच्या आत डोकावल्याशिवाय कळत नाही.

आदोल्फ साक्स हा बेल्जियममधल्या दिनां गावचा, वाद्यं बनवणाऱ्या घरात १८१४ साली जन्मलेला माणूस. पॅरिसमध्ये त्यानं १८४६ साली या वाद्याचं पेटंट घेतलं. पितळेच्या वाद्याचा दणका आणि क्लॅरिओनेटची लवचीकता एकत्र आणायची, हा त्याचा ध्यास होता. म्हणून अंग पितळेचं, पण आवाज निघतो तो बोरूसारख्या वनस्पतीच्या पातळ पट्टीतून, म्हणजे रीडमधून. पाश्चात्त्यांच्या वर्गवारीत त्यामुळे सॅक्सोफोन लाकडी वाद्यांच्या पंगतीत बसतो. नळी वरून खाली रुंद होत जाते आणि तिच्यावर विसाहून अधिक भोकं असतात. बासरीची भोकं बोटांनी झाकता येतात. इथली खालची भोकं वाटीएवढी मोठी, त्यामुळे प्रत्येकावर झाकण लागतं, झाकणाखाली चामड्याची गादी, म्हणजे पॅड, आणि ही झाकणं हलवायला दांड्या, स्प्रिंगा, तरफा. पॅड चिकटवायला पूर्वापार वापरतात ती लाख. आपल्याकडच्या पळस-कुसुमाच्या झाडांवरचा हा पदार्थ पॅरिसच्या कारखान्यांतही हेच काम करत आला आहे.

आता या वीस-बावीस गाद्यांपैकी एकच गादी केसभर उचललेली राहिली तर काय होतं? तिच्या वरचे सूर ठीक येतात. खालचे सूर मात्र घोगरे होतात, फुटतात, किंवा एकदम वरच्या सप्तकात उडी मारतात. नवशिक्या मुलाला वाटतं, आपलीच फुंक कमी पडते. तो जास्त जोर लावतो, ओठ आवळतो, बोटं गच्च दाबतो, आणि वर्षभरात त्याचा हात आणि ओठ दोन्ही वाकडे बसतात. वाद्याचा दोष मुलाच्या अंगात उतरतो. या एका कारणासाठी माझं म्हणणं आहे की शिकणाऱ्याला सॅक्सोफोन वाजवून बघण्याची सोय मिळायला हवी. ज्याला वाजवता येतं तो बिघडलेल्या वाद्यावरही निभावून नेईल. ज्याला येत नाही त्याला वाईट वाद्य परवडत नाही.

गंमत अशी की मोबाइलवरच्या चित्रावरून हे काहीच ओळखता येत नाही. एकाच कारखान्यातून एकाच आठवड्यात निघालेले दोन सॅक्सोफोन पेटीतून बाहेर काढल्यावर वेगळे वागतात, कारण पेटी ट्रकमध्ये आपटलेली असते, एखादी दांडी वाकलेली असते, एखादी स्प्रिंग सुटलेली असते. त्यात पुण्याचा पावसाळा. जुलै-ऑगस्टच्या ओल्या हवेत पॅड फुगतात आणि जी शार्पची झाकणी हमखास चिकटून बसते. एप्रिलमध्ये रीड इतकी सुकते की टोकाला लाटा येतात.

मग पुण्यात सॅक्सोफोन पारखतो कोण?

उत्तर आपल्या डोळ्यांसमोरून दर अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यानं चालत जातं. विसर्जन मिरवणुकीच्या बातम्यांत प्रभात, दरबार, न्यू गंधर्व या ब्रास बँडची नावं वर्षानुवर्षं असतात. प्रभात बँड तर १९३८ सालापासूनचा. या पथकांच्या रांगेत ट्रम्पेट असतं, क्लॅरिओनेट असतं, युफोनियम असतं, आणि सॅक्सोफोन असतो. लहान आल्टोही आणि मोठा टेनरही. तासन् तास चालत, गुलालात, पावसात, घामात ही माणसं वाजवतात. पॅड फाटलं तर रात्री स्वतः बसवतात, स्प्रिंग तुटली तर रबरबँड लावून मिरवणूक पार पाडतात. पुण्यात सॅक्सोफोनचं जेवढं व्यावहारिक ज्ञान आहे त्याचा मोठा भाग या मंडळींकडे आहे, आणि ते त्यांना कुणी विचारत नाही. आपण वरातीत त्यांच्यासमोर नाचतो, चौकात उभं राहून टाळ्या वाजवतो, आणि मुलासाठी वाद्य घ्यायचं म्हटलं की मोबाइलवर चित्रं बघत बसतो. न्यूझीलंडमधले संगीत-अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी भारतातल्या लग्नाच्या बँडवर अनेक वर्षं हिंडून ‘ब्रास बाजा’ हा ग्रंथ लिहिला, तो २००५ साली प्रसिद्ध झाला. या वादकांना कलावंत म्हणून मिळणारी वागणूक आणि त्यांच्या अंगातली विद्या यांच्यातलं अंतर वाचून मन खिन्न होतं.

पेठेतल्या एका बँडमध्ये बरीच वर्षं टेनर वाजवणाऱ्या मास्तरांकडे आम्ही गेलो. भाच्याच्या सरांनीच गाठ घालून दिली. त्यांनी नवं वाद्य कसं तपासायचं ते करून दाखवलं, आणि ते इथे सविस्तर सांगतो, कारण मराठीत हे कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही.

आधी फुंकायचंच नाही. वाद्य बाजूनं डोळ्यासमोर धरून मान बघायची, म्हणजे माउथपीस बसतो ती वाकडी नळी. कुणी जोरानं माउथपीस दाबताना ती खाली वाकवलेली असेल तर तिचा गोल छेद अंडाकृती होतो. अशी मान सरळ केली तरी सूर मूळ जागी येईलच असं नाही. मग मान अंगात बसवून हलवून बघायची, ती डुगडुगता कामा नये. मग एकेक कळ अगदी हळू दाबायची आणि सोडायची. आवाज आला पाहिजे तो गादीचा मऊ, धातूवर धातू आपटल्याचा नव्हे. जी शार्प, खालचा सी शार्प आणि ई फ्लॅट या तीन झाकण्या बहुतेक वेळ बंद असतात, म्हणून त्याच चिकटतात. त्या मोकळ्या उघडतात ना, ते पाहायचं. त्यानंतर खोलीत अंधार करून नळीत दिव्यांची बारीक माळ सोडायची आणि झाकण्या हलकेच मिटायच्या. जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथून हवाही जाणार. ही युक्ती जगभरातले दुरुस्ती करणारे वापरतात. मास्तर दिवाळीच्या माळेवर ती भागवतात.

मग फुंकायचं, आणि तेही हळू. मधल्या जी पासून एकेक सूर खाली उतरत अगदी तळाच्या बी फ्लॅटपर्यंत जायचं. जोरानं फुंकलं तर गळकं वाद्यही बोलतं. खरी परीक्षा कुजबुजत्या आवाजात होते. तळाचे तीन सूर हलक्या फुंकरीत आले तर वाद्य निरोगी. नंतर ऑक्टेव्हची कळ दाबून जी आणि ए या दोन सुरांवर मागेपुढे करायचं, कारण तिथे आतली यंत्रणा एका छिद्रावरून दुसऱ्यावर जाते आणि बिघाड असेल तर तिथेच अडखळते. शेवटी तंबोरा लावून सूर तपासायचा. मोबाइलवरचाही चालेल. बोटं उघडी ठेवून येणारा मधला सी शार्प थोडा उतरलेला आणि त्यापुढचा डी थोडा चढलेला असणं हा सॅक्सोफोनचा स्वभावच आहे, तो ओठांनी सांभाळावा लागतो. पण किती सांभाळावा लागतो ते वाद्यागणिक बदलतं. तीन वाद्यं ओळीनं वाजवून पाहिली तरच हा फरक कानाला कळतो, आणि तीन वाद्यं ओळीनं ठेवलेलं दुकान आम्हाला पुण्यात मिळालं नाही.

दुकानदाराच्या शंकेवरचा उपायही मास्तरांकडे होता. आपला माउथपीस आणि आपली रीड खिशात घेऊन जायचं. माउथपीस वेगळा मिळतो, तो निघतो आणि कुठल्याही आल्टोला बसतो. नवशिक्यासाठी दोन किंवा अडीच नंबरची रीड पुरे. आपली वस्तू आपल्या तोंडात म्हटल्यावर दुकानदाराचा निम्मा विरोध मावळतो. पारखण्याच्या दृष्टीनंही हेच बरं: माउथपीस तोच ठेवला तर जो फरक ऐकू येईल तो वाद्याचाच असेल. वाजवून झाल्यावर नळीतून फडकं ओढून पाणी काढून द्यायचं, एवढं सौजन्य आपल्याकडून असावं.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडच्या वाजवणाऱ्यांना आधी माहीत असलेली बरी. आल्टोवर सी ची बोटं धरली की पेटीवरची काळी दोन ऐकू येते, टेनरवर धरली की काळी पाच. काळी एकला गाणाऱ्याची साथ करायची तर आल्टोवाल्यानं षड्ज बी फ्लॅटला धरायचा. अवघड नाही, पण दुकानात पेटी किंवा कीबोर्ड शेजारी घेऊन हे एकदा करून पाहिलं तर मुलाला कुठलं वाद्य सोयीचं ते कळतं. अंगकाठीचाही विचार हवा. आल्टोचं वजन साधारण अडीच किलो, टेनरचं तीनच्या पुढे, आणि ते सगळं गळ्यातल्या पट्ट्यावर. सरळ नळीचा सोप्रानो दिसायला सनईसारखा सुटसुटीत, पण सुरात ठेवायला सर्वांत कठीण. पहिलं वाद्य म्हणून तो घेऊ नये.

पुण्यात न सापडल्यावर आम्ही मुंबईची गाडी धरली. धोबी तलावला वाद्यांची दुकानं का आहेत, याला कारण आहे. गोव्याहून कामधंद्यासाठी आलेल्या ख्रिस्ती माणसांचे गावागावांचे क्लब, म्हणजे कूड, या भागात होते. जेर महाल या इमारतीत आजही काही आहेत. चर्चच्या शाळांमधून नोटेशन शिकून आलेली गोव्याची मुलं जहाजांवर, हॉटेलांत आणि पुढे सिनेमाच्या स्टुडिओंत वाजवू लागली. १८६५ साली सुरू झालेलं फुर्टाडोज हे वाद्यांचं दुकान याच परिसरात वाढलं. म्हणजे वादक आधी आले, गिऱ्हाईक तयार झालं, मग कपाटं भरली. दुकान वादकांच्या वस्तीला धरून उभं राहतं.

तसं पाहिलं तर पुण्यातही ही वस्ती होती. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च पेशव्यांच्या सैन्यातल्या ख्रिस्ती शिपायांसाठी सवाई माधवरावांनी दिलेल्या जागेवर १७९२ मध्ये उभं राहिलं. पुढे इंग्रजांची छावणी आली, पलटणींचे बँड आले, कॅम्पातले नाचाचे हॉल आले. पूना म्युझिक सोसायटीच्या माझदा हॉलमध्ये पाश्चात्त्य संगीताच्या मैफली होत आल्या आहेत. आणि पेठांत, गंधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे रामचंद्र चितळकर नावाचा पुणतांब्याचा मुलगा गाणं शिकून गेला. त्यानंच पुढे सी. रामचंद्र होऊन, चिक चॉकलेट या गोव्याच्या ट्रम्पेटवाल्याला हाताशी धरून, १९५१ च्या ‘अलबेला’त सॅक्सोफोन-ट्रम्पेटचा जल्लोष मराठी घराघरांत पोचवला. पुण्याचे दोन्ही कान, पेठेतला आणि कॅम्पातला, त्या संगीतात एकत्र ऐकू येतात असं मला नेहमी वाटतं.

त्यानंतर मनोहारी सिंग. कलकत्त्याहून १९५८ च्या सुमारास मुंबईत आलेला हा नेपाळी कुटुंबातला वादक आल्टो असा वाजवायचा की गायकाची ओळ संपून सॅक्सोफोनची कधी सुरू झाली ते कळू नये. ‘काश्मीर की कली’मधलं (१९६४) शम्मी कपूरचं नशेतलं गाणं किंवा ‘आराधना’तलं (१९६९) पावसाळी रात्रीचं गाणं ज्यांनी ऐकलंय त्यांच्या मनात सॅक्सोफोन म्हणजे तोच आवाज. माझ्या भाच्यालाही तोच हवा आहे. पुण्यात पंचम म्हणजे राहुलदेव बर्मन यांच्या चाहत्यांचा जथा मोठा आहे, त्यांच्या वादकांचे सत्कार इथे झाले, सभागृहं भरली. ज्या शहरात सॅक्सोफोन ऐकायला एवढी गर्दी होते तिथे तो हातात घेऊन बघायला एक खोली नसावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

धोबी तलावच्या भागात भाच्याला वाद्यं वाजवायला मिळाली. जपानच्या यामाहा कंपनीचा विद्यार्थी-आल्टो, किंमत लाखाच्या वर, तळाचा बी फ्लॅट पहिल्या फुंकरीत. चिनी बनावटीचा, पंचवीस-तीस हजारांचा, दिसायला जास्त देखणा, कोरीव नक्षीचा, पण खालच्या सी ला घरघर. मेरठची वाद्यं तिथे नव्हती. ती बँडवाल्यांकडे पाहायला मिळतात. मेरठच्या जाली कोठी भागात १८८५ पासूनच्या नादिर अली कंपनीसह बँडची वाद्यं बनवणारी अनेक दुकानं आहेत, आणि देशभरातल्या वरातींचा मोठा भाग त्यांच्या पितळेवर चालतो. ट्रम्पेट, बिगुल, युफोनियम यांत त्यांचा हात चांगला. सॅक्सोफोनची यंत्रणा अधिक नाजूक, म्हणून त्या बाबतीत मास्तरही जुनं परदेशी वाद्य दुरुस्त करून वापरणं पसंत करतात. पॅरिसच्या सेल्मर कंपनीचं मार्क सिक्स हे १९५४ पासून सुमारे वीस वर्षं निघालेलं मॉडेल अजूनही वादकांच्या बोलण्यात दागिन्यासारखं येतं.

रागदारीसाठी वाद्य पाहणाऱ्यानं आणखी एक परीक्षा घ्यावी. मंगळूरच्या कद्री गोपालनाथांनी (१९४९–२०१९) लहानपणी म्हैसूरच्या राजवाड्याचा बँड ऐकला आणि नागस्वरम वाजवणाऱ्या बापाच्या घरात सॅक्सोफोन हातात घेतला. कर्नाटक संगीतातल्या गमका या कळांच्या वाद्यावर उतरवायला त्यांना अनेक वर्षं झगडावं लागलं, वाद्यात बदलही करून घ्यावे लागले. १९९४ साली ते लंडनच्या प्रॉम्स या संगीत-महोत्सवात वाजवून आले. ती परीक्षा अशी: दुकानात यमन धरावा, तीव्र मध्यमावरून पंचमावर मींड घ्यावी, आणि ओठ सैल-घट्ट करताना सूर किती वाकतो ते पाहावं. काही वाद्यांत सूर खाचेत बसल्यासारखा घट्ट असतो, वाकायलाच तयार नसतो. ऑर्केस्ट्रात तो गुण, आपल्याकडे अडचण. भाच्यानं हे करून पाहिलं आणि दोन वाद्यांमधला फरक त्याला तिथल्या तिथे ऐकू आला. किमतीच्या पाटीवर तो लिहिलेला नव्हता.

पुण्यातल्या दुकानदारांकडे माझं मागणं फार मोठं नाही. एक आल्टो आणि एक टेनर फक्त वाजवून बघण्यासाठी वेगळे ठेवावेत, विकायचे नाहीत असे. गिऱ्हाइकाला रीड विकावी, तिचे पैसे घ्यावेत. माउथपीस कोमट पाण्यात साबणानं धुवावा, उकळत्या पाण्यात नको, एबोनाइटचा रंग उडतो. महिन्यातून एक दिवस ठरवून बँडमधल्या एखाद्या मास्तरांना मानधन देऊन बसवावं. येणाऱ्यांना ते वाद्य पारखून देतील, घरातलं पडलेलं वाद्य तपासून देतील, गळकं पॅड तिथेच बसवतील. अशा दिवशी लोक येतील याची मला खात्री आहे. आमच्याच फेऱ्यांत तशीच शोधाशोध करणारी माणसं भेटली: निवृत्तीनंतर शिकायला निघालेले एक काका, परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी, चर्चच्या वाद्यवृंदात वाजवणारा एक तरुण.

तोवर ज्यांना घ्यायचं आहे त्यांनी बँडच्या कार्यालयात जावं. आधी फोन करावा, मास्तरांच्या वेळेचे पैसे विचारून द्यावेत, आणि वाद्य मागवलंच तर पेटी उघडताना त्यांना सोबत घ्यावं. नापसंत झालं तर परत घेण्याची अट दुकानदाराकडून बिलावरच लिहून घ्यावी. विसर्जन आणि नवरात्राची धावपळ संपलेली असते, त्यामुळे दिवाळीचे दिवस त्यांना जरा सवडीचे असतात. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, सुपाऱ्या लागतात, आणि मग उन्हाळा सरेपर्यंत मास्तर सापडत नाहीत.